कोड लिहायचा की रणगाडा उघडायचा? संरक्षण क्षेत्रातल्या तांत्रिक नोकऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याला हे प्रश्न दर वर्षी ऐकावे लागतात. प्रवेशाच्या वेळी ते पालकांकडून येतात, शेवटच्या सत्रात मुलांकडून. एका पालकाला मुलगा 'आयटीत' हवा असतो, दुसऱ्याला 'सरकारीत'. या दोन्हींच्या मधली मोठी जागा मात्र फारशी कुणी पाहत नाही. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या मुलामुलींना समोर ठेवून लिहिली आहेत. वयाच्या अटी आणि जागांचे आकडे दर भरतीत बदलतात, ते मूळ जाहिरातीतच बघा.

लष्करी सामानाची दुरुस्ती करायची म्हणजे सैन्यातच भरती व्हावं लागतं का?

नाही. भूदलात हे काम ईएमई, म्हणजे कोअर ऑफ इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स पाहते. ही शाखा १५ ऑक्टोबर १९४३ रोजी उभी राहिली. तिच्यात गणवेशातले जवान आणि अधिकारी तर असतातच, शिवाय नागरी कामगारही मोठ्या संख्येने असतात. युनिटच्या पातळीवरची किरकोळ दुरुस्ती आणि फील्ड वर्कशॉपचं काम जवानांकडे असतं. वाहन किंवा तोफ पूर्ण उघडून नव्याने बांधायची वेळ आली, की ती आर्मी बेस वर्कशॉपमध्ये जाते, आणि तिथल्या कामाच्या टेबलाशी उभा असलेला माणूस बहुतेक वेळा साध्या कपड्यांतला फिटर किंवा मशिनिस्ट असतो. पुण्यात खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे. दिल्ली, जबलपूर, आग्रा, मेरठ आणि बंगळुरू इथेही अशी वर्कशॉप आहेत.

तिथे रोजचं काम नेमकं काय असतं?

बाहेरच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक सांगतं, आवाज येतोय, आणि आपण आवाजाच्या मागे जातो. ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे पूर्ण उघडून नव्याने बांधण्याच्या कामात, तसं चालत नाही. रणगाडा आला की त्याचा बुर्ज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, क्रेनने उचलून बाजूला ठेवतात, इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढतात, वायरिंग उतरवतात. सुटे भाग धुऊन निघाले की खरी परीक्षा सुरू होते. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा आणि तांत्रिक पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचा. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायची. मग प्रत्येक भागाचा निकाल लावायचा : पुन्हा वापरायचा, दुरुस्त करायचा की भंगारात काढायचा. हा निकाल नोंदवहीत जातो आणि त्याखाली तपासणाऱ्याची सही असते. बांधणी झाल्यावर इंजिन टेस्ट बेडवर चालवतात आणि शेवटी गाडी चाचणीच्या रस्त्यावर पळवून पाहतात.

माझ्या मते या कामाला हाताइतकीच नोंदीची शिस्त लागते. 'चालेल सर, एवढं काय' म्हणणारा मुलगा खासगी गॅरेजमध्ये खपून जाईल, इथे नाही.

महाराष्ट्रात अशी ठिकाणं कुठं कुठं आहेत?

यादी लांब आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल आहे. १९६४ साली मिग विमानांसाठी तो कारखाना उभा राहिला. पुढे तिथे सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमानं बांधली गेली आणि त्यांचं ओव्हरहॉलही तिथेच होतं. मिग-२१ला हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप दिला. त्यानंतर महिन्याच्या आतच, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बांधलेलं तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान तिथूनच उडालं. त्यामुळे ओझरचं काम संपत आलं अशी अफवा कुणी सांगितली तर सोडून द्या. त्याच ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, तिथे लढाऊ विमानांची मोठी दुरुस्ती होते.

मुंबईला नौदलाची गोदी आहे. मूळ १७३५ सालची ही गोदी आजही युद्धनौका आणि पाणबुड्या दुरुस्त करते. शेजारी युद्धनौका बांधणारं माझगाव डॉक आहे. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर नौदलाचे इंजिनवाले तयार होतात. शेजारच्या गोव्यात नौदलाचं विमान दुरुस्ती यार्ड आहे. अहिल्यानगरला व्हीआरडीई ही वाहनांची संशोधन संस्था आहे. पुण्यात डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या एआरडीई (तोफा-शस्त्रं), एचईएमआरएल (स्फोटकं) आणि दिघीची आर अँड डीई (अभियांत्रिकी) अशा प्रयोगशाळा आहेत. आयुध निर्माण्या अंबरनाथ, खडकी, देहूरोड, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भंडारा आणि चांदा इथे आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात आहे. जाहिरात शोधताना ही नवी नावं टाका, 'ऑर्डनन्स फॅक्टरी' एवढ्यावरच अडू नका.

नागरी कामगारांची भरती कशी होते?

ईएमईच्या गट क पदांसाठी लेखी परीक्षा आणि मग ट्रेडची कौशल्य चाचणी असते. मुलाखत नसते. केंद्र सरकारने या पातळीवरच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. त्यामुळे 'मुलाखतीत बघून घेऊ' म्हणणारा मध्यस्थ भेटला, तर तिथेच त्याचं पितळ उघडं पडतं.

पदांची नावं अशी असतात : व्हेइकल मेकॅनिक, आर्मामेंट मेकॅनिक, टेलिकॉम मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, वेल्डर, फिटर, ट्रेड्समन मेट (कारागिराचा मदतनीस). ट्रेड्समन मेटचं मूळ वेतन १८,००० रुपये, कुशल कामगाराचं १९,९००. महागाई भत्ता आणि घरभाडं वेगळं. नौदलातल्या नागरी पदांची परीक्षा ऑनलाइन होते आणि ती आयएनसीईटी या नावाने येते. ईएमईचे अर्ज मात्र अलीकडच्या भरत्यांपर्यंत साध्या टपालाने मागवलेले आहेत, हो, अजूनही. लिफाफ्यावर पदाचं आणि प्रवर्गाचं नाव, आत स्वतःचा पत्ता लिहिलेला तिकीट लावलेला दुसरा लिफाफा, साक्षांकित फोटो, असं सगळं. मुलं मोबाइलवर दोन मिनिटांत अर्ज भरायला सरावलेली असतात आणि इथे तिकीट लावायला विसरतात.

कौशल्य चाचणीत फिटरला कानस आणि तुकडा हातात मिळतो आणि दिलेल्या मापाचा काटकोनी जॉब करून दाखवायचा असतो. दुसऱ्या वर्षी कानशीला हात न लावलेला मुलगा तिथे पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो.

कोणता ट्रेड घ्यावा?

फिटर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना मागणी कायम असते. डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिक वाहनांच्या वर्कशॉपला चालतात. मला विचाराल, तर इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन ट्रेड आपल्याकडे उगाच मागे पडलेत. रणगाड्यात लेझरने अंतर मोजणारं यंत्र, रात्री उष्णतेवरून पाहणारा कॅमेरा आणि नेमबाजीचं गणित करणारा संगणक असतो. हे सगळं बिघडतं, आणि ते उघडणारे हात कमी आहेत.

कोपा, म्हणजे संगणक चालकाचा ट्रेड, घेऊन कुणी सॉफ्टवेअर इंजिनिअर होत नाही. कार्यालयीन काम आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख एवढीच त्याची अपेक्षा ठेवा. सॉफ्टवेअर हवं असेल तर डिप्लोमाचा प्रवेश बघा.

अप्रेंटिसशिप केली की नोकरी पक्की ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखाना तुम्हाला शिकवतो, विद्यावेतन देतो आणि शेवटच्या परीक्षेनंतर एनएसी, म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. कायम करण्याचं बंधन त्यात नाही. तरी ती करावीच, कारण ओझरच्या हँगरमध्ये किंवा मुंबईच्या गोदीत घालवलेलं वर्ष पुढे प्रत्येक अर्जात बोलतं. यंत्र इंडियाच्या अलीकडच्या अप्रेंटिस भरत्यांत दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागली, परीक्षा नव्हती. त्यामुळे दहावीचे गुण 'काय उपयोगाचे' असं म्हणू नका.

एओसीपी हा रासायनिक प्रकल्पाचा ट्रेड आयुध निर्माणीत केलेल्यांसाठी 'डेंजर बिल्डिंग वर्कर' नावाच्या जागा निघतात. नाव भरतीसाठी शोभेचं नाही, काम खरंच स्फोटकांचं आहे, आणि नेमणूक ठरावीक मुदतीची असते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर इथल्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. घरच्यांशी हे बोलून मगच अर्ज करा. पैशाची गरज आहे म्हणून आईपासून लपवून भरायचा हा फॉर्म नव्हे.

अग्निवीर टेक्निकलचं काय? चार वर्षांनी बाहेर पडलो तर?

अग्निवीर म्हणजे सैन्यातली चार वर्षांची नेमणूक. पात्रतेच्या मुख्य वाटा दोन. एक, बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी. दुसरी, दहावीनंतर ठरावीक ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय किंवा डिप्लोमा. आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना या पदासाठी बोनस गुणही मिळतात. आधी संगणकावर लेखी परीक्षा होते, ती आता मराठीतूनही देता येते. त्यानंतर मैदान : १.६ किलोमीटर धावणं, पुल-अप्स, खंदकावरून उडी. टेक्निकल आहे म्हणून धावायला सूट मिळेल असं समजून आलेले दरवर्षी असतात.

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापले जातात, म्हणजे हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,००० पर्यंत जातं. चार वर्षांच्या शेवटी सरकारचा तितकाच वाटा आणि व्याज धरून सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतील असं योजना जाहीर करताना, जून २०२२ मध्ये, सांगितलं होतं. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त २५ टक्के लोकांना पुढे कायम घेतात.

उरलेल्या ७५ टक्क्यांत आपण असू, असं धरूनच हिशेब करावा. वयाच्या बाविशी-पंचविशीत, हातात दहा-अकरा लाख आणि ईएमईत इंजिन उघडण्याचा अनुभव घेऊन परतलेला मुलगा वाईट अवस्थेत नसतो. फक्त पैसे ट्रॅक्टरच्या किंवा लग्नाच्या खात्यात लगेच जाऊ नयेत, एवढं घरात आधीच ठरवा.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. संरक्षण क्षेत्रात माझ्यासाठी काय?

डीआरडीओत सायंटिस्ट-बी. गेट या अभियांत्रिकी पदवीधरांच्या परीक्षेचा स्कोअर आणि त्यानंतर मुलाखत. मूळ वेतन ५६,१००. कॉम्प्युटर सायन्सच्या जागा असतात. नौदलात शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी अधिकारी होण्याचा, आयटी प्रवेश आहे, बीई, एमएस्सी किंवा एमसीएवाल्यांसाठी. प्रशिक्षण केरळमधल्या एळिमला इथे सुरू होतं. भूदलाच्या शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलमध्ये संगणक शाखेच्या वेगळ्या जागा असतात. हवाई दलात एफकॅट या प्रवेश परीक्षेतून टेक्निकल शाखा, पण तिथली पात्रता विषयवार नीट तपासा.

भारत इलेक्ट्रॉनिक्सची पुणे आणि तळोजा इथे युनिटं आहेत. ही कंपनी ट्रेनी इंजिनिअर आणि प्रोजेक्ट इंजिनिअर कंत्राटावर घेते. दोन ते चार वर्षांचं काम, पगार आयटी कंपनीच्या सुरुवातीच्या पगाराच्या आसपास. कायम नाही, हे मान्य करून गेलात तर शिकायला भरपूर मिळतं.

आणि एक फसवी जागा. डीआरडीओच्या सेप्टम या भरती केंद्रातून निघणारं एसटीए-बी (वरिष्ठ तांत्रिक सहायक) हे पद डिप्लोमा आणि बीएस्सीवाल्यांसाठी आहे. आधीच्या जाहिरातींत बीई, बीटेक किंवा एमएस्सी असलेले चालणार नाहीत असं स्पष्ट लिहिलं होतं. जास्त शिकल्यामुळे बाद व्हायची ही दुर्मिळ जागा. डिप्लोमावाल्यांनो, ही तुमची आहे, सोडू नका.

पदवी आहे पण प्रोग्रॅमिंग कच्चं आहे, अशांसाठी पुण्याच्या सीडॅकचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक अभ्यासक्रम आहे. सी-कॅट परीक्षेतून प्रवेश मिळतो. ही १९८८ साली सुपरकॉम्प्युटर बनवायला निघालेली संस्था. तिथे मुलांना इतकं दामटतात की बाहेर पडताना कोड लिहिण्याची भीती राहत नाही.

हिंजवडीत जास्त पॅकेज मिळतं. मग इकडे का यावं?

पैसाच पाहायचा असेल तर येऊ नये.

मेकॅनिकलवाल्याने कोडिंग शिकावं का? की हे फक्त फॅड आहे?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

लढाऊ विमानातली इलेक्ट्रॉनिक खोकी एकमेकांशी एका डेटा बसवरून, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या सामाईक तारेवरून, बोलतात. १९७३ साली अमेरिकी हवाई दलाने आणलेलं मिल-स्टँडर्ड १५५३ हे त्यातलं मानक आजही जगभर चालतं. वेग सेकंदाला फक्त एक मेगाबिट. घरच्या वायफायपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण बसला दोन समांतर तारा असतात, एक गेली तर दुसरी आहे, आणि कोणी कधी बोलायचं हे एकच खोका ठरवतो. गोंधळाला जागा नाही.

विमानात बिघाड आला की खोका जागेवर उघडत नाहीत, काढून दुसरा बसवतात. काढलेला खोका वर्कशॉपमध्ये स्वयंचलित चाचणी यंत्राला जोडतात. यंत्र एकामागून एक पायऱ्या तपासत जातं आणि अमुक पायरीवर नापास असं सांगून थांबतं. इथून पुढे माणूस लागतो. कार्ड खराब आहे का? की कनेक्टरमधली एक पिन केसभर वाकली आहे? की चाचणीची केबलच रोज वाकून वाकून आतून तुटली आहे? की खोका चांगला आहे आणि चाचणीच्या प्रोग्रॅममध्येच मर्यादा चुकीची टाकली आहे? नुसता मेकॅनिक पहिल्या तीन शक्यता पाहतो, नुसता प्रोग्रॅमर चौथी. चारही पाहणारा माणूस ज्या वर्कशॉपमध्ये असतो, तिथे बाकीचे त्याच्या टेबलाशी रांग लावतात.

या चाचणी यंत्रांचे प्रोग्रॅम कोणीतरी लिहितंच. लॅबव्ह्यू, सी आणि आता पायथन. म्हणून फिटरने आणि मेकॅनिकल डिप्लोमावाल्याने पायथन इतपत शिकावं, की मोजमापांची फाइल उघडून त्यातलं मर्यादेबाहेरचं माप शोधता येईल. वेबसाइट बनवायचे कोर्स नकोत. उलट कॉम्प्युटरवाल्याने मल्टीमीटर धरायला आणि ऑसिलोस्कोपवर सिग्नल वाचायला शिकावं. आपल्याकडची प्रोग्रॅमर पोरं सोल्डरिंगला घाबरतात, हे मी बघतो. विमानात जाणारं सॉफ्टवेअर लिहायचं असेल तर डीओ-१७८सी हे मानक वाचा. त्यात कोडपेक्षा तो तपासल्याच्या पुराव्यावर भर आहे. वर्कशॉपच्या नोंदवहीतली सही आणि हे मानक, दोन्हींची शिस्त एकच.

माझा जातीचा दाखला आहे. तो केंद्राला चालतो का?

सगळ्यात जास्त मुलं इथे अडतात, परीक्षेत नव्हे. संरक्षणाच्या नागरी नोकऱ्या केंद्राच्या आहेत, म्हणून केंद्राची यादी लागते. राज्यात एनटी-सी असलेला धनगर किंवा एनटी-डी असलेला वंजारी उमेदवार केंद्रात ओबीसीत येतो. त्याला केंद्राच्या नमुन्यातला दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेगळं काढावं लागतं. राज्याच्या नमुन्यातला जोडला तर अर्ज खुल्या गटात जातो किंवा बाद होतो. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रात नाही. कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, आणि ज्या मराठा उमेदवाराकडे कुणबी दाखला नाही त्याने ईडब्ल्यूएस पाहावं.

ईडब्ल्यूएसचीही एक मेख आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत असून भागत नाही. कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर केंद्राचा दाखला मिळत नाही, मग ती जमीन माळरान का असेना. सातबारा घेऊन तहसीलला आधीच विचारा. जाहिरात आल्यावर सेतूत रांग लावली तर शेवटची तारीख निघून जाते.

मुलींना या क्षेत्रात संधी आहे का?

आहे, पण सगळीकडे सारखी नाही. नागरी गट क पदं, एचएएल आणि गोदीची अप्रेंटिसशिप, डीआरडीओ, भारत इलेक्ट्रॉनिक्स इथे मुली अर्ज करू शकतात. नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीत, जी मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्कावरून बाहेर पडली, महिला होत्या. भूदलात मात्र महिला अग्निवीर मिलिटरी पोलिसांतच घेतल्या जातात, टेक्निकलमध्ये नाही. अधिकारी व्हायचं असेल तर शॉर्ट सर्व्हिस टेक्निकल मुलींसाठी खुली आहे. 'मशीनवर मुलगी कशाला' असं म्हणणारे घरातच भेटतात. त्यांना एकदा आयटीआयच्या कार्यशाळेत घेऊन या.

चष्मा आहे, रंग नीट ओळखता येत नाहीत. चालेल?

चष्म्याची मर्यादा प्रत्येक पदाची वेगळी. रंग ओळखण्याचं मात्र तांत्रिक पदांना गांभीर्याने पाहतात, कारण वायरींचे रंग चुकले तर काय होईल हे सांगायला नको. दोन वर्षं तयारी करण्याआधी जिल्हा रुग्णालयात रंग ओळखण्याची इशिहारा चाचणी करून घ्या.

एक ओळखीचे गृहस्थ 'सेटिंग' करून देतो म्हणतात.

गृहस्थांना नमस्कार करा आणि घरी या. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूदलाच्या भरतीची प्रश्नपत्रिका फुटल्याचं पुण्यात उघड झालं, आणि देशभरातली परीक्षा रद्द करावी लागली. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांचं नुकसान झालं आणि पैसे देणाऱ्यांच्या मागे पोलीस लागले. गुन्हा नोंदला गेला की पोलीस पडताळणीत तो निघतो आणि पुढची प्रत्येक सरकारी नोकरी अडते.

पडताळणीवरून आणखी एक. कारखान्याच्या आतला फोटो, बॅजचा फोटो, रणगाड्यासोबतचा सेल्फी, काहीही टाकू नका. बहुतेक ठिकाणी मोबाइल फाटकावरच ठेवून घेतात, ते बरंच आहे.

खासगी कंपन्यांचं काय?

गेल्या दहा वर्षांत चित्र बदललंय. पुण्यात एआरडीईने विकसित केलेल्या अटॅग्स तोफांचा ३०७ नगांचा करार मार्च २०२५ मध्ये झाला आणि त्या भारत फोर्ज आणि टाटा बनवणार आहेत. तळेगावला एल अँड टीत पिनाका रॉकेटचे लाँचर तयार होतात. नागपुरात स्फोटकं बनवणारी सोलर इंडस्ट्रीज, मिहानमध्ये विमानांचे भाग आणि मूळ एअर इंडियाचं, आता सरकारी एआयईएसएल कंपनीचं विमान दुरुस्ती केंद्र, नवी मुंबईत ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज. तोफ विकली की पुढची पंचवीस-तीस वर्षं ती कुणीतरी दुरुस्त करत राहायची असते. ईएमईतून बाहेर पडलेल्या माणसाला या कंपन्या म्हणूनच विचारतात. आयटीआयवाल्याने सुरुवातीला ठेकेदाराकडे लागायची तयारी ठेवावी, थेट कंपनीच्या पटावर जागा कमी असतात.

भरतीच्या तयारीची अकादमी लावावी का?

धावण्यासाठी महिना-दोन महिने, हरकत नाही. सलग तीन वर्षं खोली करून राहायचं, भरतीची वाट पाहायची आणि हातातलं काम विसरायचं, हे करू नका. सकाळी धावा, दिवसा एखाद्या जॉब शॉपमध्ये मशीनवर उभे राहा, रात्री गणित सोडवा. कौशल्य चाचणीला अकादमीत शिकवलेलं काही कामाला येत नाही.

जाहिराती कुठे पाहायच्या?

भूदलासाठी 'जॉइन इंडियन आर्मी'चं संकेतस्थळ. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सैन्य भरती कार्यालयं आहेत, शंका तिथे जाऊन विचारता येते. ईएमईच्या नागरी जागा 'रोजगार समाचार' या साप्ताहिकात येतात, तो आयटीआयच्या वाचनालयात असतो आणि बहुधा न उघडलेला असतो. अप्रेंटिसशिपसाठी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, डिप्लोमा आणि पदवीवाल्यांचं पोर्टल वेगळं आहे. नोंदणीतलं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते आजच तपासा. वडिलांच्या नावात 'राव' एका ठिकाणी असेल आणि दुसऱ्या ठिकाणी नसेल, तर दुरुस्तीला लागणारा वेळ भरतीच्या मुदतीपेक्षा जास्त असतो.